रामा आणि रामावासी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर्थर सी. क्लार्क यांच्या ‘राँदेव्हू विथ रामा’ (१९७३) या कादंबरीतलं महाकाय परकं यान आणि ते बांधून कधीच समोर न आलेले त्याचे मालक यांच्याबद्दल वाचक जे विचारत राहतात, ते इथे एकत्र केलं आहे. शेवटपर्यंतचं कथानक उघड केलेलं आहे, त्यामुळे कादंबरी अजून वाचली नसेल तर प्रश्न ४ नंतर थांबा. आकडे दोन प्रकारचे आहेत: कादंबरीतले, आणि त्यांच्यावरून केलेल्या गणिताचे. गणिताचे आकडे जिथे येतात तिथे तसं म्हटलं आहे.

१. रामा म्हणजे नेमकं काय? ग्रह, लघुग्रह की यान?

यान. पण पहिल्यांदा दिसला तेव्हा लघुग्रह समजूनच त्याची नोंद झाली. कथेत २१३१ साली मंगळावरच्या रडारला गुरूच्या कक्षेपलीकडे एक वस्तू दिसते आणि तिला ३१/४३९ हा क्रमांक मिळतो. आकडा साधा आहे: सन ३१, त्या वर्षातली ४३९वी नोंद. जवळून छायाचित्रं आल्यावर कळतं की तो कातीव काम केल्यासारखा गुळगुळीत दंडगोल आहे, आतून पोकळ आणि स्वतःभोवती गरगर फिरणारा. ‘रामा’ हे यानाचं नाव. ते बांधणाऱ्यांना कथेतली माणसं त्याच नावावरून ओळखतात, आपण इथे रामावासी म्हणू. ते स्वतःला काय म्हणवतात हे कुणालाच कळत नाही.

२. नाव राम कसं काय? रामायणाशी काही संबंध आहे का?

कथानकात रामायण नाही. कथेतल्या खगोलशास्त्रज्ञांची ग्रीक आणि रोमन देवदेवतांची नावं लघुग्रहांना देऊन केव्हाच संपलेली असतात, त्यामुळे ते हिंदू दैवतांच्या यादीकडे वळलेले असतात आणि त्या दिवशी पाळी रामाची येते. त्याची पाहणी करायला मंगळाच्या फोबॉस या उपग्रहावरून जे शोधयान सुटतं, त्याचं नाव सीता. यापलीकडे रावण, वनवास, सेतू असं काही शोधत बसू नये. क्लार्क १९५६ पासून श्रीलंकेत राहत होते, म्हणून ‘लंकेतून रामाकडे’ असे अर्थ लावले जातात. त्यांना कादंबरीत आधार नाही.

३. लघुग्रह नाही हे जवळ जाण्याआधीच कसं लक्षात आलं?

तीन गोष्टींवरून, आणि तिन्ही आजच्या विज्ञानात बसतात.

पहिली, वेग. ताशी एक लाख किमीहून अधिक, म्हणजे सेकंदाला सुमारे २८ किमी. गुरूच्या अंतरावर सूर्याच्या पकडीतून सुटायला सेकंदाला सुमारे १८.५ किमी पुरतात. इतका वेग असलेली वस्तू सूर्यमालेची नसते, ती बाहेरून येते आणि बाहेरच जाते.

दुसरी, फिरण्याचा काळ: चार मिनिटांत एक फेरी. खरे लघुग्रह बहुतेक सैलसर दगडगोट्यांचे ढीग असतात. काहीशे मीटरपेक्षा मोठे लघुग्रह साधारण २.२ तासांपेक्षा जलद फिरताना क्वचितच आढळतात, कारण त्याहून जलद फिरले तर स्वतःचं गुरुत्व त्यांना धरून ठेवू शकत नाही. रामाच्या बाहेरच्या पृष्ठावर बाहेर फेकणारं त्वरण गणिताने ६.८५ मीटर प्रति वर्गसेकंद येतं. दगडाच्या तेवढ्याच दंडगोलाचं स्वतःचं गुरुत्व त्याच्या पाचशेव्या हिश्शाच्या आसपास असेल. म्हणजे वस्तू एकसंध आणि भक्कम असणारच.

तिसरी, प्रकाश. वेड्यावाकड्या खडकाची चकाकी फिरताना मोठ्या प्रमाणात कमीजास्त होते. रामाची फारच थोडी बदलत होती.

४. मोठा म्हणजे किती मोठा?

लांबी ५० किमी, बाहेरचा व्यास २० किमी, आतल्या पोकळीचा व्यास १६ किमी. आतलं वक्र मैदान, समुद्र धरून, ढोबळ गणिताने सुमारे २,५०० चौरस किमी भरतं. बृहन्मुंबई ६०० चौरस किमीच्या थोडी वर आहे, म्हणजे तशा चार मुंबया आत मावतील. वर पाहिलं की आभाळाच्या जागी १६ किमी दूर उलटी लटकलेली जमीन दिसते.

५. आत जातात कसे, आणि आत काय काय आहे?

‘एन्डेव्हर’ हे नॉर्टन या कमांडरचं यान उत्तर टोकाच्या मध्यावर उतरतं. तिथेच उतरणं शहाणपणाचं आहे: अक्षावर फिरण्याचा वेग शून्य असतो, तर कडेला गणिताने ताशी सुमारे ९४० किमी. कडेला उतरलेलं यान बाहेर भिरकावलं जाईल. आत जायला हाताने फिरवायची चाकं असलेले एकामागून एक तीन हवाबंद दरवाजे आहेत. कुलूप नाही, पहारा नाही.

आत उत्तर टोकाला वाडग्यासारखी खोलगट भिंत आहे. तिच्यावरून मध्यापासून मैदानापर्यंत तीन जिने उतरतात. त्यांना आल्फा, बीटा, गॅमा ही नावं पडली आहेत आणि ते एकमेकांपासून १२० अंशांवर आहेत. खाली उत्तरेचं मैदान, त्यावर इमारतींचे सहा पुंजके. पाहणाऱ्यांनी त्यांना लंडन, पॅरिस अशी पृथ्वीवरची नावं दिली, पण त्या शहरांत वस्ती कसलीच नाही. मध्यावर संपूर्ण दंडगोलाला पट्ट्यासारखा वेढणारा दंडगोल समुद्र, त्यात ‘न्यूयॉर्क’ नावाचं बेट. पलीकडे दक्षिणेचं मैदान, आणि दक्षिण टोकाला एक प्रचंड सुळका व त्याच्याभोवती सहा लहान सुळके.

६. आत गुरुत्व कशाचं? तेवढं वस्तुमान तर नाही.

फिरण्याचं. चार मिनिटांना एक फेरी म्हणजे कोनीय वेग ०.०२६२ रेडियन प्रति सेकंद. त्याचा वर्ग करून ८,००० मीटरने गुणलं की मैदानावर ५.४८ मीटर प्रति वर्गसेकंद मिळतात, पृथ्वीच्या ५६ टक्के. अक्षावर शून्य. मधे कुठेही अंतराच्या सरळ प्रमाणात: ४ किमीवर २८ टक्के, १ किमीवर ७ टक्के.

एक चूक नेहमी होते. लोक समजतात की अक्षावर हात सोडला की माणूस खाली पडायला लागेल. पडणार नाही. अक्षावर स्थिर असलेल्या वस्तूला ओढणारं काहीच नाही. तिला कुणी ढकललं, किंवा आतल्या फिरत्या हवेने हळूहळू वाहून नेलं, तरच ती कडेकडे जाऊ लागते. मग मात्र वेग वाढतच जातो आणि मैदान तिच्याखालून ताशी सुमारे ७५० किमी वेगाने सरकत असतं. धोका तिथे आहे.

७. चालताना चक्कर येणार नाही का? वस्तू वाकड्या पडणार नाहीत का?

मैदानावर जवळजवळ काही जाणवणार नाही. रामा प्रचंड असल्याने फिरणं संथ आहे. गणिताने पाहा: चालण्याच्या वेगाला कोरिऑलिस त्वरण (फिरत्या जागेत चालणाऱ्याला बाजूला ढकलणारं) मैदानावरच्या गुरुत्वाच्या दीड टक्क्याहून कमी येतं, आणि कमरेच्या उंचीवरून सोडलेला चेंडू सुमारे १ सेंटीमीटर बाजूला पडतो. जिन्याच्या वरच्या भागात गोष्ट वेगळी आहे. तिथे वजन नावापुरतं असतं, त्यामुळे भराभर खालीवर जाणाऱ्याला कडेला ढकलणारा जोर वजनाच्या मानाने मोठा ठरतो. कठडा धरूनच उतरायचं ते यासाठी.

८. आठ किलोमीटर जिना चढून माणसं परत कशी येतात?

वाटतं तितकं अवघड नाही, पण सोपंही नाही. गुरुत्व वर जाताना घटत जातं, म्हणून लागणारी एकूण ऊर्जा पूर्ण पृथ्वीच्या हिशेबाने नव्हे तर निम्म्या सरासरीने मोजायची. गणिताने दर किलो वजनामागे सुमारे २१,९०० ज्यूल येतात. पृथ्वीवर तेवढ्यात सुमारे २,२४० मीटर चढून होतं. कळसूबाई (१,६४६ मीटर) समुद्रसपाटीपासून गाठून वर आणखी सहाशे मीटर, असा हिशेब. सगळ्यात दमवणारा भाग खालचा तिसरा हिस्सा, जिथे वजन जास्त असतं. वाटेत गोलाकार सज्जे आहेत, तिथे थांबता येतं. जिन्याच्या पायथ्याशी ‘कॅम्प आल्फा’ उभारतात तेही यासाठीच: रोज चढउतार करण्यात माणसं संपून जातील.

९. आतली हवा माणसाला चालते हा योगायोग पटत नाही.

कादंबरीत हवा खरोखर श्वास घेण्याजोगी निघते, आणि नॉर्टनच्या चमूतला कार्ल मर्सर मुखवटा काढून त्याची खात्री करतो. याचं कारण कथेत दिलेलं नाही. आमच्या मते ही लेखकाने घेतलेली सवलत आहे. पात्रं सतत सूटमध्ये राहिली असती तर अर्धी कथा घडली नसती. मात्र एक तपशील जमतो. वाटेल तितकं वर गेलं तरी हवा फार विरळ होत नाही. तापमान सगळीकडे सारखं धरलं तर अक्षावरचा दाब मैदानावरच्या दाबाच्या सुमारे तीन-चतुर्थांश येतो. पृथ्वीवर ८ किमी उंचीवर तो जेमतेम एक-तृतीयांश उरतो.

१०. समुद्राचा एक कडा ५० मीटर आणि दुसरा ५०० मीटर असा का?

संपूर्ण कादंबरीत तर्काचा सर्वात सुंदर तुकडा हा आहे, म्हणून थोडं सविस्तर.

समुद्र सुमारे १० किमी रुंद आहे. उत्तरेकडचा कडा ५० मीटर उंच, दक्षिणेकडचा त्याच्या दहापट. रामा नुसता सरळ रेषेत जात असेल तर या फरकाला अर्थ नाही. पण इंजिन चालू होऊन यान उत्तरेच्या दिशेने वेग घेऊ लागलं, तर बस सुटताना हातातल्या पेल्यातलं पाणी मागच्या काठावर चढतं तसं सगळं पाणी दक्षिण किनाऱ्यावर चढेल. उंच कडा त्यासाठी आहे. नुसत्या कड्यांकडे पाहून तीन गोष्टी कळतात: या यानाला इंजिन आहे, ते वेळोवेळी चालतं, आणि ते एकाच दिशेला, उत्तरेकडे ढकलतं. वेग कमी करायचा तर अख्खं यान उलटं फिरवावं लागेल.

पुढचं गणित स्वतः करता येतं. पाणी मध्यापासून दोन्हीकडे ५ किमी पसरलं आहे. एका बाजूला ते ५०० मीटर चढायचं तर पृष्ठभागाचा उतार दहास एक होतो. म्हणजे यानाचं त्वरण आतल्या गुरुत्वाच्या दहाव्या हिश्शापर्यंत, ०.५५ मीटर प्रति वर्गसेकंदापर्यंत जाऊ शकतं. त्यापुढे दक्षिण मैदान बुडेल. हे कमाल मूल्य आहे. समुद्र उथळ असेल तर उत्तरेचा तळ आधीच उघडा पडेल आणि हिशेब बदलेल.

११. बर्फ वरून नव्हे, खालून वितळला म्हणतात. का?

रामा सूर्याजवळ जातो तेव्हा तापतं ते बाहेरचं कवच. समुद्राचा तळ त्या कवचाला लागून आहे, पृष्ठभाग आतल्या गार हवेला. उष्णता बाहेरून आत, म्हणजे आतल्या माणसाच्या दृष्टीने खालून वर येते. त्यामुळे वर बर्फाची साय शाबूत असते आणि खाली पाणी झालेलं असतं. जो त्यावर वजनदार सामान घेऊन चालत जाईल तो फसेल. होडी कधी सोडायची हा निर्णय वरचा बर्फ पाहून घेता येत नाही.

इथे एक खरी अडचण आहे आणि ती बारकाईने वाचणारे नेहमी विचारतात: इतकं जाड कवच आठवड्यांत तापेल कसं? साध्या वहनाने नाही. उष्णता आरपार जायला लागणारा काळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. लोखंडाचं १० मीटर जाडीचं कवच सुमारे ५० दिवस घेईल, १०० मीटरचं १४ वर्षं, आणि २ किमीचं ५,००० वर्षांहून अधिक. आतल्या आणि बाहेरच्या व्यासातला फरक पाहता भिंत २ किमीपर्यंत जाड असायला हवी. मग एकतर समुद्राखाली कवच खूप पातळ आहे, किंवा उष्णता आत आणणारी वेगळी व्यवस्था भिंतीत आहे. दुसरी शक्यता रामावासीयांच्या स्वभावाला जास्त शोभते.

१२. आत वादळ का होणार होतं?

मैदानाजवळची हवा मैदानाबरोबर ताशी ७५० किमी वेगाने फिरत असते, अक्षाजवळची जवळजवळ स्थिर. तळ तापला की खालची हवा वर चढते आणि आपला मोठा वेग सोबत नेते. वरची गार हवा खाली येते ती तो वेग नसलेली. दोघींची गाठ पडते तिथे झंझावात. मोहिमेवर दुरून लक्ष ठेवणाऱ्या रामा समितीतल्या शास्त्रज्ञांना हे आधी सुचतं आणि नॉर्टनची माणसं वेळेत बाहेर काढली जातात. हवामानाची थोडी ओळख असलेल्या वाचकालाही हे आधी ओळखता येतं, आणि क्लार्क यांनी तशी संधी प्रामाणिकपणे दिली आहे.

१३. आतले दिवे कोण लावतं?

कुणीच नाही, किंवा यान स्वतः. सुरुवातीला आत पूर्ण अंधार असतो आणि माणसं प्रकाशगोळे सोडून पाहतात. मैदानांत खोदलेल्या सहा लांब सरळ दऱ्या, तीन उत्तरेला आणि तीन दक्षिणेला, एकाएकी उजळतात. त्या रेघेसारख्या सूर्यांनी सगळीकडे सारखा उजेड पडतो. ठरलेलं तापमान गाठलं की सगळं आपोआप सुरू होणार, अशी यानाची मांडणी दिसते.

१४. बायॉट हेच रामावासी का?

नाही. हा सर्वात जास्त होणारा गैरसमज आहे.

बायॉट म्हणजे जैविक यंत्रमानव: काही भाग जिवंत ऊतींसारखे, काही धातूचे, आणि प्रत्येकाला एकच काम. खेकड्यासारखे बायॉट मोडतोड उचलतात. नॉर्टनच्या चमूतल्या जिमी पाक याची हवाई सायकल कोसळते तेव्हा तो जवळच उभा असूनही खेकडा त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही, सायकल तोडून तुकडे उचलून नेतो. तीन पायांचे कोळी पाहणी करत फिरतात. मेलेला एक कोळी हाती लागतो तेव्हा जहाजाच्या डॉक्टर लॉरा अर्न्स्ट त्याची चिरफाड करतात आणि आत विजेचा साठा सापडतो. तोंड नाही, पचनसंस्था नाही. खाऊन जगायची सोय नसलेला प्राणी पिढ्या चालवू शकत नाही, तो बनवलेलाच असतो.

ते येतात समुद्राच्या पाण्यातून आणि काम संपल्यावर परत समुद्रातच जातात. समुद्र म्हणजे कच्च्या मालाचा साठा. सुटे भाग शेकडो वर्षं कोठारात गंजत ठेवण्यापेक्षा लागेल तेव्हा घडवायचे आणि नंतर विरघळवायचे. दूरच्या प्रवासासाठी याहून चांगली व्यवस्था सुचवणं कठीण आहे.

१५. मग खरे रामावासी कसे दिसतात?

कुणीही पाहिलेले नाहीत. पुरावा आहे तो एवढाच: ‘लंडन’मधली एक बंद इमारत नॉर्टनची माणसं कापून उघडतात तेव्हा आत पारदर्शक स्तंभांत वस्तूंच्या त्रिमितीय प्रतिमा दिसतात, अवजारांची आणि भांड्याकुंड्यांची जणू सूचीच. त्यांत अंगावर घालायचा एक पेहराव आहे, आणि त्याच्या रचनेवरून अंगाची त्रिभागी ठेवण, तीन हात, तीन पाय असा अंदाज बांधता येतो. मूळ कादंबरीत रामावासी झोपलेत, मेलेत, की कधीच जहाजावर नव्हते, यातलं काहीही निश्चित होत नाही. ‘शहरांत’ घरं नाहीत, रस्त्यांवर झीज नाही. सूचीचा अर्थ आम्ही असा लावतो: प्रवासाच्या शेवटी लागणारी प्रत्येक गोष्ट, कदाचित प्रवासीसुद्धा, नमुन्यावरून घडवायची सोय.

१६. सगळं तीन-तीन का?

हे दोन वेगळ्या गोष्टींतून येतं आणि वाचक त्यांची गल्लत करतात. एक, अंगाची ठेवण (प्रश्न १५). दुसरं, सुरक्षेची पद्धत: तीन दरवाजे, तीन जिने, म्हणजे एक बिघडला तर दुसरा, दुसराही बिघडला तर तिसरा. आजच्या विमानांतही महत्त्वाच्या यंत्रणा तिहेरी ठेवतात, कारण तिघांपैकी दोघांचं मत जुळलं की चुकणारा कोण ते कळतं. कादंबरीचं शेवटचं वाक्य याच तीनवर आहे, आणि त्याचा अर्थ आणखी दोन रामा येतील असा होतो.

१७. त्यांनी माणसांशी संपर्क का केला नाही? त्यांचा हेतू काय होता?

हेतू आपल्याशी संबंधित नव्हता. कादंबरीचं सगळं बळ याच उत्तरात आहे. रामा सूर्याकडे येतो, जवळून ऊर्जा आणि द्रव्य घेतो, वेग वाढवतो आणि मोठ्या मॅगेलन मेघाच्या (आपल्या आकाशगंगेशेजारच्या एका छोट्या दीर्घिकेच्या) दिशेने निघून जातो. सूर्यमाला त्याच्या वाटेवर लागणारं इंधनाचं ठिकाण आहे. इतकी मोठी घटना आपल्यासाठी घडलेली नाही हे स्वीकारणं वाचकाला जड जातं, म्हणून लोक संदेश, परीक्षा, इशारा शोधत राहतात. नॉर्टनची माणसं आत आली हे यानाला कळलं असेल तर खेकड्यांच्या पातळीवर, आणि खेकड्यांनाही मोडतोडीतच रस होता.

१८. बुधावरच्या माणसांनी क्षेपणास्त्र का सोडलं? ते थांबलं कसं?

रामा आपला मार्ग बदलतो आणि बुधाच्या आत कायमची कक्षा धरेल अशी चिन्हं दिसतात. बुधवासीयांना तो सरळ गळ्याला फास वाटतो, म्हणून ते रामाशेजारी अण्वस्त्र आणून ठेवतात. लेफ्टनंट बोरिस रॉड्रिगो छोट्या वाहनातून जाऊन त्याच्या अँटेनाची केबल कापतो. स्फोटकाला हात लावायचा नाही, फक्त आज्ञा पोचू द्यायची नाही. हे जमतं कारण दूरवरून पाहणाऱ्याला काय चाललंय ते कळेपर्यंत आणि त्याची आज्ञा परत येईपर्यंत मिनिटं जातात.

१९. जिमी पाक ५०० मीटरच्या कड्यावरून उडी मारून वाचतो हे शक्य आहे का?

उडी मारताना तो शर्ट पॅराशूटसारखा धरतो. तो शर्ट टिकला तर शक्य आहे. हवा पृथ्वीइतकी दाट धरू. नुसतं शरीर पडताना ताशी २०० किमीच्या आसपास स्थिरावतं, पृथ्वीवर. वेग गुरुत्वाच्या वर्गमुळाने बदलतो, म्हणून रामामध्ये १५० किमी. पाण्यावर त्या वेगाने आदळणं बहुधा जीवघेणं. पण शर्टाने एक चौरस मीटर वारा धरला तर गणित ताशी ७५ ते ८० किमीवर येतं. त्याला पाय खाली ठेवून पाण्यात घुसायचं सांगतात तेही बरोबर आहे. गणितात कच्चा दुवा कापड आणि मूठ यांच्या ताकदीचा आहे.

२०. असं यान कोणत्याही धातूने बांधता येईल का?

साध्या पोलादाने नाही. फिरणाऱ्या कवचात त्याच्या स्वतःच्या वजनाने येणारा ताण म्हणजे घनता गुणिले वेगाचा वर्ग. पोलादाला ९ किमी त्रिज्येवर सुमारे ४३० मेगापास्कल येतो, तर बांधकामातलं साधं पोलाद २५० च्या आसपास कायमचं वाकतं. माती, समुद्र आणि हवेचा भार अजून धरलेलाच नाही. कवच जाड करून उपयोग नाही, जाडी वाढली की वजनही वाढतं. उत्तम दर्जाचं पोलाद किंवा हलके तंतू लागतील. कार्बन तंतूला तोच हिशेब १०० मेगापास्कलच्याही खाली येतो. फिरत्या दंडगोलात वस्तीची जेरार्ड ओ’नील यांची प्रसिद्ध मांडणी १९७४ मध्ये छापून आली, कादंबरी त्याच्या आदल्या वर्षीची.

२१. इंजिन कसं चालतं?

कळत नाही, आणि जे दिसतं ते न्यूटनच्या तिसऱ्या नियमात बसत नाही. मागे काहीही न फेकता यान वेग घेतं. हे आजच्या भौतिकशास्त्रात अशक्य आहे. दक्षिण टोकाचे सुळके त्या यंत्रणेचा भाग असावेत. जिमीची सायकल तिथल्या विद्युत-उद्रेकानेच पडते. आतली सगळी यंत्रणा तर्काने उलगडते आणि फक्त इंजिन उलगडत नाही. हा फरक मुद्दाम ठेवलेला दिसतो.

२२. पुढचे भाग वाचावेत का?

‘रामा २’ (१९८९), ‘द गार्डन ऑफ रामा’ (१९९१), ‘रामा रिव्हील्ड’ (१९९३) हे तीन भाग जेंट्री ली यांच्यासोबतचे आहेत आणि लेखन मुख्यतः त्यांचं. माणसांची भांडणं, कुटुंबं, राजकारण यांत रस असेल तर वाचा. पहिल्या भागातलं थंड, स्वच्छ कुतूहल हवं असेल तर पहिल्यावर थांबा. वर प्रश्न १५ आणि १७ मध्ये दिलेली उत्तरं पहिल्या कादंबरीपुरतीच आहेत. पुढच्या भागांत यानामागच्या हेतूला वेगळं स्पष्टीकरण येतं. चित्रपटाबद्दल: २०२१ मध्ये दनी व्हिल्नव दिग्दर्शन करणार अशी घोषणा झाली आहे.

२३. औमुआमुआ हा खरा रामा होता का?

नाही, पण साम्य बघून दचकायला होतं. हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीने १९ ऑक्टोबर २०१७ ला तो टिपला आणि दुसऱ्या ताऱ्याकडून आलेली ती पहिली ओळखलेली वस्तू ठरली. नाव ठरण्याआधी ‘रामा’ हेही सुचवलं गेलं होतं. त्याचा मूळ वेग सेकंदाला सुमारे २६ किमी, चकाकी मात्र रामाच्या उलट, जोरात कमीजास्त होणारी, आणि एका फेरीला सात-आठ तास. आकार काहीशे मीटरच्या आतला. गुरुत्वाने न समजणारं थोडं जादा त्वरण आढळल्यावर कृत्रिम वस्तूची कल्पना मांडली गेली, पण बहुतेक खगोलशास्त्रज्ञ त्याला नैसर्गिकच मानतात. त्यानंतरचे बोरिसोव्ह (२०१९) आणि थ्री-आय ॲटलस (२०२५) हे धूमकेतू आहेत.

२४. स्पेसगार्ड खरंच आहे का?

कथेत ११ सप्टेंबर २०७७ ला उत्तर इटलीवर अशनी कोसळतो, पादुआ आणि वेरोना नष्ट होतात, व्हेनिस बुडतं. त्यानंतर आकाशावर पहारा ठेवणारा स्पेसगार्ड प्रकल्प सुरू होतो आणि त्याच पहाऱ्यात पुढे रामा सापडतो. नासाने १९९२ मध्ये लघुग्रहशोधाचा जो अहवाल दिला, त्याला हेच नाव कादंबरीवरून घेतलं. १९९८ मध्ये एक किमीहून मोठे पृथ्वीजवळचे ९० टक्के लघुग्रह दहा वर्षांत शोधायचं उद्दिष्ट ठरलं.

२५. वरची गणितं स्वतः करून पाहायची तर कुठून सुरुवात करावी?

फेरीचा काळ सेकंदांत घ्या (२४०). ६.२८ ला त्याने भागा, तो कोनीय वेग. त्याचा वर्ग करून मीटरमधल्या त्रिज्येने गुणा, ते गुरुत्व. कोनीय वेग गुणिले त्रिज्या हा तिथला वेग. जिन्याची ऊर्जा काढताना वेगाच्या वर्गाचा निम्मा घ्या, दर किलोला ज्यूल मिळतात. सर्वात जास्त चुका दोन ठिकाणी होतात: त्रिज्येऐवजी व्यास घालणं, आणि आतली त्रिज्या (८ किमी) वापरायची तिथे बाहेरची (१० किमी) वापरणं. समुद्राच्या गणितात तर आणखी एक: कड्याची उंची समुद्रसपाटीपासून मोजायची, मैदानापासून नाही.